हरताळ : नावाची व्युत्पत्ती, अर्थांतरे आणि आपला व्यवहार

रसौषधींसाठी लागणाऱ्या कच्च्या खनिजांची मागणी नोंदविताना 'हरताळ' हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या लेखणीतून सहज उतरतो. बाजारात मात्र या एका शब्दाखाली किमान दोन द्रव्ये फिरत असतात. 'हरताल वरकी' या नावाने मिळणारे पिवळे, पापुद्र्यांचे द्रव्य हे आर्सेनिक व गंधक यांचे संयुग आहे. 'हरताल गोदंती' या नावाने मिळणारे पांढरे द्रव्य म्हणजे जलयुक्त कॅल्शियम सल्फेट, अर्थात जिप्सम. पहिल्याची गणना कायद्याने विषारी द्रव्यांत केली आहे. दुसरे ज्वर व शिरःशूल यांवर आपण नित्य योजतो ते सौम्य द्रव्य आहे. इतकी भिन्न द्रव्ये एका नावाखाली कशी आली आणि त्यामुळे आज कोणती सावधगिरी बाळगणे प्राप्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वैद्याला व्युत्पत्तीशी काय कर्तव्य, असे कोणास वाटेल. परंतु हरताळाच्या बाबतीत द्रव्याची ओळख आणि शब्दाचा इतिहास यांची गाठ इतकी घट्ट आहे की एक उलगडताना दुसरी आपोआप हाती येते. म्हणून प्रथम नावाचा मागोवा घेऊन मग व्यवहाराकडे वळू.

संस्कृतातील नामावली

अमरकोशाच्या द्वितीय कांडातील वैश्यवर्गात, म्हणजे व्यापारी मालाच्या नामावलीत, या द्रव्यासाठी पिंजर, पीतन, ताल, आल आणि हरिताल अशी नावे दिलेली आहेत. यांपैकी पिंजर, पीतन व हरिताल ही नावे उघडच रंगावरून पडलेली आहेत. पिंजर म्हणजे तांबूस पिवळे. पीतन हे नाव कोशकारांनी केशरालाही दिले आहे, कारण दोहोंत समान काय, तर पिवळेपणा. 'हरि' आणि 'हरित' या शब्दांचा अर्थ आज आपण केवळ 'हिरवा' असा घेतो. प्राचीन भाषेत मात्र सोनेरी पिवळ्यापासून हिरव्यापर्यंतच्या सर्व छटा या शब्दांच्या कक्षेत येत असत. हरिद्रा म्हणजे हळद, तिच्या नावातील 'हरि' पिवळाच आहे.

'हरिताल' या शब्दाची 'हरित + आल' अशी फोड आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. कारण 'आल' हे एकटे नाव या द्रव्याला फार पूर्वीपासून रूढ होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसऱ्या, आरग्वधीय अध्यायात कुष्ठावरील लेपांमध्ये मनःशिला आणि आल ही जोडी येते, हे वाचकांस स्मरत असेलच. 'ताल' व 'तालक' ही रूपे पुढे रसग्रंथांत प्रमुख झाली. तालसिंदूर, तालकेश्वर इत्यादी कल्पांची नावे त्यांवरूनच पडली. येथील 'ताल' याचा ताडवृक्षाशी काही संबंध नाही. आणि तालीसपत्र, तालमूली, तालमखाना या वनस्पतींच्या नावांतील 'ताल' याचा या खनिजाशी संबंध नाही. नामसादृश्यावरून द्रव्यसादृश्य गृहीत धरता येत नाही, याचा हा पहिला धडा.

रंगाखेरीज उपयोगावरूनही काही नावे पडली. 'नटमंडन' व 'नटभूषण' ही नावे नटांच्या रंगभूषेची आठवण देतात. या अर्थाचा जिवंत पुरावा तमिळ भाषेत सापडतो. तमिळमधील 'अरिदारम्' हा शब्द हरितालाचेच रूप असून त्याचा अर्थ हरताळ असाही होतो आणि नटाची रंगभूषा असाही होतो. केरळातील कथकलीच्या पारंपरिक रंगभूषेत 'मनयोला' या नावाचा आर्सेनिकयुक्त पिवळा खनिजरंग वापरीत आले आहेत. 'लोमहृत्' हे दुसरे नाव लोमशातनाच्या, म्हणजे केस काढून टाकण्याच्या, गुणावरून पडले. हरताळ व चुना एकत्र केल्यास तयार होणारी सल्फाइडे केसांतील प्रथिनांचे बंध तोडतात. पश्चिम आशियातील स्नानगृहांत हेच मिश्रण शतकानुशतके वापरात होते; तुर्कस्तानात त्यास 'रुस्मा' म्हणत.

रसरत्नसमुच्चयाने हरताळ उपरसवर्गात घेऊन त्याचे पत्रताल व पिंडताल असे दोन भेद सांगितले. पत्रताल पापुद्र्यांचा, चकचकीत व श्रेष्ठ. पिंडताल गोळ्यासारखा, पापुद्रे नसलेला व हीनगुण. बाजारातील 'वरकी' हा शब्द अरबीतील 'वरक', म्हणजे पान, यावरून आला आहे. मिठाईवरील चांदीचा वर्ख तोच. 'तबकी' हा शब्द थर या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. अर्थात पत्रताल, वरकी हरताल आणि तबकी हरताल ही तीन नावे भाषा बदलून सांगितलेली एकच खूण आहे. व्यापारी पिढ्यान् पिढ्या द्रव्याची पारख कशी करीत आले, ते या तीन शब्दांतून कळते.

हळद, जरी आणि हरताळ

संस्कृत व प्राचीन इराणी या भगिनीभाषा होत. संस्कृतात जेथे 'ह' येतो, तेथे अनेक शब्दांत इराणी शाखेत 'झ' सारखा उच्चार आढळतो. संस्कृत 'हस्त', अवेस्तात 'झस्त'. संस्कृत 'बाहु', फारसीत 'बाझू'. आपण दंडावर बांधतो तो बाजूबंद याच शब्दाचा. त्याच न्यायाने संस्कृत 'हिरण्य' याचे अवेस्तातील रूप 'झरन्य' असे आहे आणि फारसीत सोन्याला 'झर' म्हणतात. 'झर्द' म्हणजे पिवळा.

मराठीने हे फारसी शब्द केव्हाच आपलेसे केले. पैठणीची जरी म्हणजे सोन्याची तार. जर्दा म्हणजे पिवळी केलेली तंबाखू. जर्दाळू म्हणजे शब्दशः पिवळा आलुबुखारा. हळदीतील 'हर', हरताळातील 'हर' आणि जरीतील 'जर' हे मुळात एकाच घराण्याचे आहेत. एक संस्कृतातून आपल्याकडे उतरले, दुसरे फारसीची वाट धरून आले.

याच 'झर' पासून इराणी भाषांत हरताळाचे नाव घडले. त्याचे अरबी रूप 'झिर्निख' व फारसी रूप 'झर्नीख' असे आहे. युनानी वैद्यक आजही हाच शब्द वापरते. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आपल्या रसशास्त्राने पिवळा हरताळ आणि तांबडी मनःशिला यांना आरंभापासून दोन स्वतंत्र नावे दिली. अरबी-फारसी परंपरेत 'झर्नीख' हे दोहोंचे सामान्य नाव असून पिवळा व तांबडा असे विशेषण लावून भेद केला जातो. तेव्हा एखाद्या युनानी योगाचे भाषांतर करताना 'झर्नीख' म्हणजे हरताळच असे धरून चालणे योग्य नाही. विशेषण पाहिल्याखेरीज निर्णय करू नये.

पश्चिमेकडील रूपांतरे

इराणी शब्द सिरियाच्या बाजूने, अरामी भाषेतून, ग्रीकांपर्यंत पोहोचला. ग्रीक कानांना तो 'आर्सेनिकोन' असा ऐकू आला. त्यांच्या भाषेत 'आर्सेन' किंवा 'आर्रेन' म्हणजे नर, पुरुष. अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दासारखा वळवून घेण्याची लोकांची जी सवय असते, तिच्यामुळे सोनेरी रंगाचे नाव पौरुषवाचक होऊन बसले. ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टस याने इसवी सनपूर्व ३०० च्या सुमारास पाषाणांवर लिहिलेल्या ग्रंथात हे द्रव्य येते. त्याच्या जोडीला येते ते 'सांदराके', म्हणजे आपली मनःशिला. पुढे या 'सांदराके'ची गत पाहण्यासारखी झाली. कालांतराने 'सँडरॅक' हे नाव उत्तर आफ्रिकेतील एका वृक्षाच्या राळेला चिकटले आणि आज युरोपात त्या नावाने कोणी खनिज मागत नाही.

रोमन लोकांनी हरताळाला रोखठोक नाव दिले : 'औरिपिग्मेंतुम', सोन्याचा रंग. त्याचेच संक्षिप्त रूप 'ऑर्पिमेंट' हे आजचे इंग्रजी नाव होय. या सोनेरी नावाने एका सम्राटालाही भुरळ घातली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी सांगतो की, कालिगुला या सम्राटाने हरताळाचा मोठा साठा भाजवून त्यातून सोने काढविले. सोने उत्तम निघाले, परंतु इतके थोडे की त्यात तोटाच झाला. ही गोष्ट अगदीच निराधार म्हणता येणार नाही. आर्सेनिकची सल्फाइडे काही ठिकाणी सोन्याच्या खनिजासोबतच आढळतात. इराणच्या वायव्य भागातील झरशुरान येथील खाणीत सोने, हरताळ व मनःशिला एकत्र सापडतात, आणि त्या स्थळाच्या नावातही 'झर' आहेच. तरीही सोने ते सोने आणि हरताळ तो हरताळ. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही आपली म्हण त्या सम्राटाला ठाऊक असती, तर त्याचे श्रम वाचले असते.

यापुढील अर्थांतर वैद्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. 'आर्सेनिकोन' म्हणजे मूळचा पिवळा हरताळ. तो हवेत भाजला असता गंधक जळून जातो आणि पांढरा ऑक्साइड धरतो. या ऑक्साइडला 'पांढरे आर्सेनिक' म्हणू लागले. आपला सोमल किंवा गौरीपाषाण तो हाच. होमिओपॅथीतील 'आर्सेनिकम आल्बम' या नावातील 'आल्बम' म्हणजे पांढरे. युरोपात विषप्रयोगांसाठी हे पांढरे द्रव्य इतके कुप्रसिद्ध झाले की नुसते 'आर्सेनिक' म्हटले तरी तेच समजले जाऊ लागले. शेवटी रसायनशास्त्राने हे नाव मूलद्रव्याला दिले. म्हणजे एकाच शब्दाने क्रमाने पिवळे सल्फाइड, पांढरे ऑक्साइड आणि करडे मूलद्रव्य अशा तीन वस्तूंचा निर्देश केला. पहिली पाण्यात जवळजवळ न विरघळणारी, दुसरी विरघळून त्वरित शोषली जाणारी. शरीरावर होणाऱ्या परिणामात त्यामुळे मोठे अंतर पडते, आणि नाव मात्र ते अंतर सांगत नाही.

मनःशिलेचे इंग्रजी नाव 'रिअल्गर' हेही अरबीच आहे. 'रहज अल्-गार', म्हणजे गुहेतील भुकटी. या मनःशिलेचा एक विशेष गुण औषधनिर्मात्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. उजेडात दीर्घकाळ उघडी राहिल्यास तांबडी मनःशिला ठिसूळ होऊन पिवळी भुकटी होते. हा पिवळा पदार्थ हरताळासारखा दिसत असला तरी तो हरताळ नव्हे. १९८० मध्ये त्यास 'पॅरारिअल्गर' या नावाने स्वतंत्र खनिज म्हणून मान्यता मिळाली. मनःशिला काळोख्या, बंद पात्रात का ठेवावी, याचे हे एक सबळ कारण.

चीन आणि मराठी : पुसण्याचा हरताळ

चिनी भाषेत हरताळाला 'त्सु-ह्वांग' म्हणजे 'मादी पिवळे' आणि मनःशिलेला 'श्योंग-ह्वांग' म्हणजे 'नर पिवळे' असे म्हणतात. ग्रीकांनी हरताळाला नर ठरविले, चिन्यांनी मादी. एकाच खनिजाला दोन संस्कृतींनी विरुद्ध लिंगे द्यावीत, ही गोष्ट नावे किती स्वैरपणे पडतात ते दाखविते.

पण चीन व आपला देश यांचे एका बाबतीत आश्चर्यकारक साम्य आहे. जुन्या काळी कागदाला कसर लागू नये म्हणून तो पिवळा रंगवीत. अशा कागदावर चुकलेले अक्षर झाकण्यासाठी हरताळाचा लेप उत्तम. रंग जुळतो, शाई झाकली जाते आणि वर पुन्हा लिहिता येते. आपल्याकडील जुन्या हस्तलिखितांत असे पिवळे पट्टे पाहावयास मिळतात. चीनमध्येही हीच रीत होती. दोन्ही भाषांत त्यावरून वाक्प्रचार निघाले. चिनी भाषेत तोंडात 'त्सु-ह्वांग' असणे म्हणजे आपलेच बोलणे हवे तसे फिरविणे, बेजबाबदारपणे बोलणे. मराठीत 'हरताळ फासणे' म्हणजे एखादी गोष्ट रद्दबातल करणे, धुळीस मिळविणे. नियमांना हरताळ फासला, असे आपण वृत्तपत्रांत रोज वाचतो. तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पोथी नसते आणि खनिजही नसते.

मराठीतील समानध्वनी शब्द

याच ठिकाणी काही गैरसमज दूर केले पाहिजेत. बाजारपेठा बंद ठेवण्याच्या अर्थाचा 'हरताळ' हा शब्द अगदी वेगळा आहे. तो 'हट्ट' म्हणजे दुकान आणि 'ताला' म्हणजे कुलूप यांपासून बनला असून हिंदीत 'हड़ताल' असा लिहिला जातो. रौलट कायद्याच्या निषेधार्थ ६ एप्रिल १९१९ रोजी महात्मा गांधींच्या आवाहनावरून देशभर हरताळ पाळण्यात आला आणि तेव्हापासून हा शब्द इंग्रजीतही परिचित झाला. गंमत अशी की, संस्कृत कोशांत 'तालक' याचे हरताळ आणि कुलूप असे दोन्ही अर्थ आहेत. त्यामुळे या दोन शब्दांची गल्लत होण्यास आणखी वाव मिळतो.

भाद्रपद शुद्ध तृतीयेचे हरितालिका व्रत, ज्यास घरोघरी 'हरताळका' म्हणतात, त्याचाही खनिजाशी संबंध नाही. पार्वतीला तिच्या सखीने, म्हणजे आलीने, हरण करून नेले, असा त्या नावाचा परंपरागत उलगडा आहे. याउलट महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हा मात्र या शब्दाचा नातलग ठरतो. संस्कृत कोशांत 'हरिताल' याचा एक अर्थ पिवळट हिरव्या रंगाचे कबुतर असाही दिलेला आहे. पक्षी आणि पाषाण यांना एकत्र आणणारा दुवा पुन्हा रंगच.

गोदंतीचे कोडे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उत्तरकालीन रसग्रंथांत पत्रताल व पिंडताल यांच्याखेरीज गोदंती हा हरताळाचा आणखी एक भेद म्हणून येऊ लागला. गाईच्या दातासारखा आकार, ही त्याची खूण. कोशांतही हा गोंधळ उतरला. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'गोदंत' या शब्दाखाली पिवळा हरताळ आणि चुनखडीच्या जातीचे पांढरे खनिज असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. व्यवहारात आज गोदंती म्हणून जे द्रव्य घेतले जाते ते पांढरे जिप्समच होय, आणि भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानेही गोदंतीची ओळख तशीच निश्चित केली आहे. द्रव्याची ओळख अशी पक्की झाली, परंतु व्यापारी नावातील 'हरताल' हे जुने शेपूट अद्याप गळून पडलेले नाही.

कच्च्या स्थितीत हे दोन पदार्थ कोणीही डोळ्यांनी ओळखील. हरताळ लिंबासारखा पिवळा, घासल्यास पिवळी रेघ देणारा आणि हाताला जड. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.५ आहे. गोदंती पांढरी, तिची रेघ पांढरी, विशिष्ट गुरुत्व सुमारे २.३. मग धोका कोठे आहे? आमच्या मते तो दोन ठिकाणी आहे.

पहिले ठिकाण कागद. मागणीपत्र, पावती, साठ्याची नोंदवही आणि चिठ्ठी यांवर द्रव्य दिसत नाही, केवळ नाव दिसते. एका औषधविक्रेत्यांनी मध्यंतरी आम्हांस एक चिठ्ठी आणून दाखविली. तीवर 'हरताल भ. २५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा' असे लिहिलेले होते. रुग्णास जीर्ण शिरःशूल होता. विक्रेते जाणते असल्याने त्यांनी औषध देण्यापूर्वी चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्यांना दूरध्वनी केला. वैद्यांना गोदंती अभिप्रेत होती. मात्रेवरून त्यांना शंका आली म्हणून बरे. हरताळ भस्माची मात्रा गुंजेच्या अंशात मोजतात, आणि गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. चिठ्ठीतील मात्रा गोदंतीला साजेशी होती. हरताळाला ती कित्येक पटींनी अधिक ठरली असती.

दुसरे ठिकाण भस्म. वर आपण पाहिले की, या द्रव्याची बहुतेक नावे रंगावरून पडली आहेत. भस्म होताना नेमका तोच रंग नाहीसा होतो. शास्त्रोक्त हरताळभस्म श्वेतवर्ण सांगितले आहे आणि गोदंतीभस्मही शुभ्रच असते. कच्च्या हरताळात आणि गोदंतीत गफलत होऊ न देणारी जी खूण निसर्गाने दिली, ती भस्माच्या बाटलीत उरत नाही. तेथे ओळख म्हणून शिल्लक राहते ती केवळ चिठ्ठी. म्हणूनच चिठ्ठीवरील नाव निःसंदिग्ध असणे अगत्याचे आहे.

हरताळभस्माच्या सिद्धतेची निर्धूम परीक्षा आपल्याला ठाऊक आहे. अग्नीवर टाकले असता धूर येता कामा नये. हरताळ उष्णतेने उडून जाणारा आणि हवेत तापविल्यास सोमलात रूपांतरित होणारा असल्याने ही परीक्षा आचार्यांनी किती विचारपूर्वक घातली आहे, हे रसायनशास्त्राच्या प्रकाशात अधिकच स्पष्ट होते. तथापि निघणारा धूर अत्यंत विषारी असल्यामुळे ही परीक्षा दवाखान्याच्या खोलीत किंवा दुकानाच्या मागील बाजूस करण्यासारखी नाही. ती योग्य वायुवीजनाची सोय असलेल्या निर्माणशाळेत, जाणत्या हातांनीच व्हावी. संशयित नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठविणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग.

कायदा आणि आकडे

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० अन्वये केलेल्या १९४५ च्या नियमांतील 'अनुसूची ई (१)' मध्ये आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे. तीत गौरीपाषाण, हरताळ आणि मनःशिला ही तिन्ही आर्सेनिकयुक्त द्रव्ये समाविष्ट आहेत, गोदंती नाही. या अनुसूचीतील द्रव्य असलेल्या, पोटात घ्यावयाच्या तयार औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत ठळकपणे छापणे नियम १६१ प्रमाणे बंधनकारक आहे. रसमाणिक्य, समीरपन्नग यांसारख्या हरताळयुक्त कल्पांना हे लागू होते. श्वासकुठारातील मनःशिलेमुळे त्यालाही ते लागू होते. गोदंतीभस्माच्या बाटलीवर 'हरताल' हा शब्द छापला गेला, तर तपासणी अधिकाऱ्याने इशारा का नाही असे विचारल्यास त्यास दोष देता येणार नाही.

आकड्यांच्या भाषेत पाहू. शुद्ध हरताळात वजनाने सुमारे ६१ टक्के आर्सेनिक असते. निर्यातीच्या वनस्पतिज औषधांत आर्सेनिकची कमाल मर्यादा प्रति दशलक्ष ३ भाग अशी १ जानेवारी २००६ पासून लागू करण्यात आली. हिशोब केला तर एक किलो चूर्णात अवघा पाच मिलिग्रॅम हरताळ मिसळला गेला, तरी ही मर्यादा गाठली जाते. पाच मिलिग्रॅम म्हणजे खलाच्या कडेला राहून गेलेला, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल असा कण. ज्या खलात, ज्या चाळणीत आज हरताळाचे मर्दन झाले, त्यातच उद्या वनस्पतिज चूर्ण घेणे किती धोक्याचे आहे, हे यावरून ध्यानात येईल.

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय औषधांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्या अहवालाच्या पद्धतीविषयी आपल्याकडे बरीच चर्चा झाली. परंतु ज्या औषधात हरताळ बुद्ध्या, शोधन करून घातला आहे आणि ज्यात तो अनवधानाने आला आहे, या दोहोंतील भेद जगाला पटवून द्यावयाचा असेल, तर तो आधी आपल्या नोंदवहीत दिसला पाहिजे.

काय करता येईल

या विवेचनातून निघणाऱ्या काही सूचना आम्ही वैद्यबंधू-भगिनी व औषधविक्रेते यांच्या विचारार्थ मांडीत आहोत.

गोदंतीसाठी 'गोदंती' एवढेच लिहावे. 'हरताल गोदंती' हे जोडनाव मागणीपत्रातून, नोंदवहीतून व वेष्टनावरून काढून टाकावे. मराठी वा संस्कृत नावासोबत देवनागरीतच 'जिप्सम' किंवा 'कॅल्शियम सल्फेट' असे रासायनिक नाव लिहिल्यास शंकेला जागा उरणार नाही.

हरताळासाठी पत्रताल की पिंडताल, अशुद्ध की शोधित, हे स्पष्ट लिहावे. कोहळ्याचा रस किंवा चुन्याची निवळी यांत दोलायंत्राने शोधन झालेल्या मालाच्या पात्रावर शोधनाचे द्रव्य व तारीख नोंदवावी.

चिठ्ठीवर 'हरताल भ.', 'ताल भ.', 'गो. ह.' असली संक्षिप्त रूपे वापरू नयेत. विक्रेत्यांनीही मात्रा आणि नाव यांचा मेळ बसत नसल्यास औषध न देता वैद्यांना विचारावे. यात कमीपणा कोणालाच नाही.

हरताळ, मनःशिला व सोमल यांसाठी स्वतंत्र कपाट, स्वतंत्र खल व स्वतंत्र चाळण्या ठेवाव्यात. मनःशिलेचे पात्र काळोखात ठेवावे आणि ती पिवळी पडली असल्यास वापरू नये.

जुन्या ग्रंथांतील किंवा युनानी योगांतील 'ताल', 'गोदंत', 'झर्नीख' हे शब्द आले असता संदर्भ पाहूनच द्रव्यनिश्चय करावा. पाठात सांगितलेला रंग, मात्रा, शोधनविधी व रोगाधिकार या चार गोष्टी एकत्र पाहिल्या तर बहुतेक स्थळी उत्तर सापडते.

पूर्वसूरींनी या द्रव्याला पिवळे, सोनेरी, पापुद्र्यांचे, नटांचे, केस काढणारे अशी जी अनेक नावे दिली, त्यांतील प्रत्येक नाव एकेक निरीक्षण होते. ते द्रव्य त्यांच्या हातात होते, म्हणून नाव पुरेसे होते. आपल्या हातात बहुधा बंद बाटली असते. तेव्हा नावासोबत ओळखीच्या आणखी दोन खुणा लिहिण्याचे कष्ट आपण घेतलेच पाहिजेत. येत्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या दवाखान्यातील व दुकानातील भस्मांच्या बाटल्या एकदा उतरवून 'हरताल' हा शब्द कोठे कोठे आला आहे ते पाहावे आणि आवश्यक तेथे चिठ्ठी बदलावी, एवढीच विनंती.